बेताल झांजू

ओवीला कोडं पडलं होतं. तिच्या सात वर्षांच्या भावाच्या, मल्हारच्या रक्तात पांढऱ्या पेशी नेहमीच्या दहापट झाल्या होत्या. पांढऱ्या पेशी म्हणजे रोगजंतूंशी लढणारे शिपाई, हे तिने पाचवीच्या पुस्तकात वाचलं होतं. मग एवढी फौज असताना मल्हारला साध्या सर्दीने का लोळवावं?

"आजोबा, तुमचं मशीन चुकलंय," तिने निकालच देऊन टाकला.

श्रीरंगआजोबा हसले. मिरजेच्या रक्तसंशोधन केंद्रात त्यांची चाळीस वर्षं रक्ताच्या आजारांमागे गेली होती. २०६१ साल उजाडलं तरी ते रोज येत, आणि दर एकादशीला दुपारी तिथल्या रुग्णांपुढे कीर्तन करत. त्यामुळे काहीही समजावताना त्यांचा आवाज आपोआप निरूपणाला लागे.

"मशीन बरोबर आहे, बाळ. आपल्या हाडांत अस्थिमज्जा (हाडाच्या पोकळीतला मऊ गर) असते. ती पेशींची पाठशाळा समज. पेशी तिथे जन्मतात, शिकतात आणि मग रक्तात सेवेला निघतात. मल्हारच्या पाठशाळेत एक द्वाड विद्यार्थी निघाला. शिकत नाही, मोठा होत नाही, पण आपल्यासारखेच दोनाचे चार, चाराचे आठ करत सुटलाय!"

"म्हणजे गर्दी खूप, पण लढता एकालाही येत नाही?"

"वा! आणि खऱ्या शिकणाऱ्यांना बसायला जागा उरली नाही. यालाच ल्युकेमिया (रक्ताचा एक कर्करोग) म्हणतात."

"मग हाकला की त्यांना!"

"तरुणपणी मी तेच करायचो. पण मारणाऱ्या औषधांचा मार चांगल्या विद्यार्थ्यांनाही बसतो. मल्हारच्या पेशींना शिकवता येईल असं वाटतं. नवं औषध त्यांना पक्व (पूर्ण वाढलेल्या) करतं. मग त्या आपलं काम करतात आणि वय झालं की निमूट निरोप घेतात." आजोबांचा आवाज उतरला. "आज त्या औषधाचा अठरावा दिवस. संध्याकाळपर्यंत पक्व पेशी दिसल्या नाहीत, तर उद्यापासून जुनं, कडक औषध."

ओवीने कोपऱ्यातल्या झांजूकडे पाहिलं. मल्हारच्या दंडावरची पट्टी रक्त तपासून पेशींची चित्रं या यंत्रमानवाला पाठवायची. इतर यंत्रं टिंगटिंग करत. आजोबांना तो आवाज सोसवत नसे. म्हणून त्यांनी झांजूच्या हाती पितळी झांजा दिल्या होत्या: पक्व पेशी दिसली की एकदा वाजवायच्या. एरवी कीर्तनात साथ करणाऱ्या त्या झांजा पेशींसाठी अठरा दिवसांत एकदाही वाजल्या नव्हत्या.

दुपारी केंद्राच्या सभागृहात एकादशीचं कीर्तन उभं राहिलं. पांढऱ्या डगल्यावर उपरणं, डोक्याला फेटा, असे आजोबा रंगात आले. जंतू लागू नयेत म्हणून मल्हार काचेपलीकडे खुर्चीत बसला होता.

"आणि सुदाम्याने काखेतली पोह्यांची पुरचुंडी अशी लपवली..."

झण्!

"थांब रे, अजून नाही. तर देव हसून म्हणतात..."

झण्! झण् झण्!

"बुवा, हा ठेका कुठला?" पेटीवाले दामलेकाका गोंधळले.

"कुठलाच नाही! बिघडलंय ते! सुलभाताई, त्याची वायर काढा!"

परिचारिका सुलभाताई धावल्या. मंडळी हसू लागली. ओवीने मात्र मांडीवर ताल धरून पाहिला. एकही झण् त्यात बसेना. झांजू तर बारा एकादश्या साथ करत आला होता, कधी मात्रा चुकली नव्हती!

ती ओरडली, "वायर काढू नका! आजोबा, तो साथ करतच नाहीये. तो मोजतोय!"

सभागृह चिडीचूप झालं. त्या शांततेत आवाज आला, झण्... झण् झण्...

आजोबा फेट्यासकट प्रयोगशाळेकडे धावले. "झांजेवर भागत नाही, डोळ्यांनी पाहायला हवं!" त्यांनी मल्हारच्या रक्ताचा ताजा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. एकदा पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग ओवीला जवळ ओढलं.

"शिकली गं पोरं!"

"मल्हार बरा झाला?"

"लगेच नाही. औषध कितीतरी महिने घ्यावं लागेल. पण उद्याचं कडक औषध टळलं, देवाची कृपा. रक्ताच्या कर्करोगाचे प्रकार पुष्कळ, आणि सगळ्यांना शिकवणारं औषध मला अजून सापडलेलं नाही."

"राहू द्या ते. माझ्यासाठी."

दोघं सभागृहात परतले, तेव्हा मल्हार काच ठोठावत होता.

"आजोबा! पोह्यांचं पुढे काय झालं?"

आजोबांनी डोळे पुसले आणि पुन्हा सुदामा उभा केला. झांजू मध्येच कुठेही वाजत होता. दामलेकाका घामाघूम होऊन त्याच्या मागे पेटी पळवत होते. एवढं बेताल कीर्तन मिरजेत कधी झालं नसेल, पण झांजूला गप्प करा असं कुणी म्हणेना.