गुरुवारची अपूर्वा

लालबागच्या मसाला गल्लीत मिरचीचा ठसका अक्षदाला लागला आणि शेजारच्या अनोळखी तरुणालाही. दोघं एकदमच शिंकली. "तुम्ही आधी," तो नाक चोळत म्हणाला, आणि तिला हसू फुटलं. शंतनु त्याचं नाव. विमानावर को-पायलट, आईनं मालवणी मसाल्याची यादी देऊन पिटाळलेला.

चार महिन्यांत 'तुम्ही'चं 'तू' झालं. सगळं गोड चाललं होतं, एक गुरुवार सोडला तर. गुरुवारी संध्याकाळी याला हटकून प्रभादेवीला काम! आणि अशाच एका गुरुवारी त्याच्या फोनवर नाव झळकलं... अपूर्वा.

"ही कोण रे?"

"कंपनीतली. सिनियर आहे."

"दिसायला?"

"नीट बघून सांगतो," त्यानं डोळा मारला. अक्षदाला काही हसू आलं नाही.

पुढच्या गुरुवारी परळच्या शाळेतलं शिकवणं आटोपताच ती थेट प्रभादेवीला गेली. शंतनु कायम नाव घ्यायचा त्या देवळाजवळच्या उडुप्याकडे, कोपऱ्यातल्या टेबलावर दोघं बसली होती. ती देखणी, आखूड केसांची. आणि शंतनु चक्क रडत होता! हात धरला असता तर एक वेळ चाललं असतं... पण आपल्यापुढे कायम हसणारा हा, हिच्यापुढे रडतो?

ती तडक टेबलापाशी गेली. "माझ्यापुढे नाही रे कधी रडलास?"

अपूर्वानं पर्स उचलली. "सांग तिला," एवढंच त्याला म्हणाली आणि निघून गेली.

"मार्चमध्ये उतरताना एक इंजिन बंद पडलं," शंतनु खाली बघत म्हणाला. "सुखरूप उतरलो. सगळ्यांनी पाठ थोपटली. पण तेव्हापासून झोप नाही... धावपट्टी दिसली की हात थरथरतात. अपूर्वा कॅप्टन आहे. आम्हा पायलटांचं ऐकून घ्यायचं शिक्षण घेतलंय तिनं. वाटायचं, इतर कुणाला सांगितलं तर माझ्याकडून विमान काढून घेतील."

"मी काढून घेतलं असतं?"

"तुझ्याशी मी प्रवाशांशी बोलतो तसंच बोलत राहिलो गं. 'काळजीचं काही कारण नाही.'"

"मी प्रवासी नाहीये, शंतनु."

"उद्या कंपनीच्या डॉक्टरांना स्वतःहून सगळं सांगणार आहे. काही महिने उडता येणार नाही. कदाचित..." त्यानं मान वर करून तिच्याकडे बघितलं. "जमिनीवरचा नवरा चालेल तुला?"

अपूर्वाची खुर्ची ओढून अक्षदा त्याच्या अगदी शेजारी बसली.

"चालेल. उद्या मीही येतेय. आणि हे बघ... यापुढे रडू आलं, तर पहिला नंबर माझा!"