गच्चीवर ऐकू आलेली हाक

डिश फिरवायला गच्चीवर जाताय? जा की. दहा मिनिटांचं काम. पण खाली टीव्हीसमोर कोण बसणार ते आधी ठरवा. आणि त्याची हाक आली, तर हातातला पाना टाकून खाली या. का, ते सांगतो. बसा.

माझ्याबरोबर कारखान्यात एक फिटर होता. आम्ही त्याला नटबोल्ट म्हणायचो. घरात काहीही बिघडो, बाहेरचा माणूस बोलवायचा नाही. स्वतःच्या लग्नात बंद पडलेला माइकसुद्धा नवरदेवानेच उघडून बसवला होता.

एकदा वाऱ्याने त्याची डिश हलली. पडद्यावर नुसते चौकोन, आणि आईची आठची मालिका बुडत होती. बायको माहेरी गेलेली. हा गच्चीवर चढला, आई खाली खुर्चीत. हा डिश बोटभर सरकवायचा, ती जिन्याकडे तोंड करून ओरडायची, "आलं... आलं... गेलं रे!"

मग तिने हाक मारली, "ये..."

याला वाटलं, कंटाळली. "येतो गं, जरा कळ काढ!"

"ये रे..."

"कळ काढ म्हटलं ना!" हा वरून खेकसला.

पुन्हा हाक आली नाही. याने निवांत नट आवळले. वीस मिनिटांनी उतरला, तर चित्र लख्ख. आई खुर्चीत मान टाकून. हात छातीवर. संपलेलं सगळं.

झोपेतच गेली, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. बायकोलाही. हाक ऐकल्याचं तेव्हा कुणापाशी बोलला नाही, मलाही फार पुढे सांगितलं. लोक म्हणायचे, सुखाने गेली हो म्हातारी. हा मान खाली घालायचा.

पुढच्या वर्षी, सतरा जानेवारीला, मंगळवारी, रात्री सव्वाआठला पुन्हा तेच. चौकोन. बायको म्हणाली, "अहो, उद्या माणूस बोलवू या." पण सवय ती सवय. हा वर गेला. बायको खाली.

"नाही... थोडं आलं... गेलं."

मग ती गप्प.

"काय गं? आलं का?"

उत्तर नाही. वारा पडलेला. गल्लीत आवाज नाही.

"ये..."

बायकोचा नव्हता आवाज. दमलेला होता. म्हातारा.

पाना पडला. जिना कसा उतरला, त्याचं त्यालाच ठाऊक नाही.

खोलीत कोणी नाही. चित्र लख्ख. खुर्ची रिकामी.

बायको बाहेरच्या दारातून आत आली. "शेजारीण आली होती, तिच्याशी बोलत होते. तुम्ही असे पांढरेफटक का पडलात?"

"तू... हाक मारलीस?"

"मी? नाही हो."

तो खुर्चीपाशी खाली बसला. हात खुर्चीच्या दांडीवर ठेवला.

"आई... ऐकली होती मी. दोन्ही वेळा ऐकली होती..."

बायको उभीच राहिली. तिला सगळं कळलं. तिने टीव्ही बंद केला.

सकाळी त्याच्या मनगटावर वळ होते. निळे. चार बोटं, एक अंगठा. बायकोने आपला हात लावून पाहिला. जुळला नाही. डॉक्टर म्हणाले, हात कुठेतरी दाबला असेल, आठवड्यात वळ जातील.

आठ वर्षं झाली. मागच्या महिन्यात भेटला. बाही वर केली.

चार बोटं. अंगठा.

तसेच.