तू बाहेरच राह्य

दाराबाहेर तो उभा होता. एक पाय चपलेत, एक बाहेर. आत जावं की पळून जावं, हे त्याचं अजून ठरत नव्हतं.

"इथंच भरते का ते... मन मोकळं करायचं?" त्यानं मला विचारलं.

"हाव. पण चपला कायले काढतोस? देऊळ नाही हे."

"बरं झालं. देवाशी माझं बोलणं बंद आहे सध्या."

तो हसला. दाट भुवया आणि हसताना डावीकडे किंचित कललेली मान... मी नजर वळवली. एप्रिलपासून मला कुणाशी हसणं जमतच नव्हतं.

गोंदियातल्या आमच्या कॉलेजात, खोली नंबर नऊमध्ये, दर बुधवारी तीन वाजता आम्ही सहाजण खुर्च्या गोल मांडून बसायचो. समुपदेशन करणाऱ्या रुची मॅडम आमची ग्रुप थेरपी घ्यायच्या. बारा बुधवार होते, आणि नियम दोनच. इथलं बोलणं इथंच राहील, आणि बारा बुधवार संपेपर्यंत बाहेर एकमेकांना भेटायचं नाही. भेट झालीच तर ती ग्रुपमध्ये सांगायची.

"कायले?" नवा मुलगा म्हणाला. भुपेंद्र त्याचं नाव. चिचगडच्या जंगलातला, भूगोलाचा विद्यार्थी, हॉस्टेलवर राहणारा.

"बाहेर दोघं एकमेकांना धरून बसले, की इथले बाकीचे हात सुटतात," मॅडम म्हणाल्या.

तेव्हा ते मला पुस्तकातलं वाटलं.

तिसऱ्या बुधवारी तो बोलला. जमिनीकडे बघत, एका दमात. "उन्हाळ्यात मी मरायला निघालो होतो. बाबानं पाहिलं म्हणून वाचलो. तेव्हापासून बाबा माझ्या तोंडाकडं पाहत नाई."

कुणी काही म्हणायच्या आत मीच ओरडले, "मागं राहणाऱ्यांचा विचार नाही आला तुझ्या मनात? एकदाही?"

  ते मी त्याला म्हटलंच नव्हतं... राखीला म्हटलं होतं. राखी आणि मी सौंदडच्या. बालवाडीपासून एका बाकावर, कॉलेजला रोज एका गाडीनं. एप्रिलमध्ये एका दुपारी तिनं मला तीनदा फोन केला. मी मावसबहिणीच्या हळदीत होते, फोन पर्समध्ये. संध्याकाळी तो हातात घेतला, तेव्हा राखी नव्हती.

हे सगळं मी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. भुपेंद्रनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. "विचार येत नाई तेव्हा," तो हळूच म्हणाला. "कोणाचाच नाई येत. तुझा राग नव्हता तिच्या मनात, पुष्पांजली. एवढं मी सांगू शकतो."

मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. कुणाला सांगताच आलं नसतं.

त्याच संध्याकाळी गोंदिया स्टेशनवर, माझ्या गाडीच्या फलाटावर तो उभा. भुरभुर पाऊस, त्याच्या केसांवर बारीक थेंब, हातात कागदाच्या पुड्यात उकडलेले शिंगाडे.

"नियम आहे," मी म्हणाले.

"मी कुठं भेटून राहिलो? मी शिंगाडे खाऊन राहिलो. तू बाजूले उभी आहेस."

एक शिंगाडा सोलून त्यानं माझ्या तळहातावर ठेवला. त्याच्या अंगठ्याला काटा बोचलेला. लाल टिपका.

"तुमी कोहळी लोक तलाव बांधता ना?" तो म्हणाला. "म्हणून बोलणंबी असं अडवून ठेवता."

"आणि तुम्ही जंगलवाले?"

"आमी... दिसलं तर थांबतो. नाई दिसलं तरी वाट पाहतो."

गाडी आली. माझ्या कानांच्या पाळ्या उगाच तापल्या होत्या.

मग दर बुधवारी स्टेशन. कधी चहा, कधी नुसतं उभं राहणं. तो चिचगडच्या नदीचं सांगायचा, मी राखीचं. "ग्रुपमध्ये सांगायचं का?" तो विचारायचा. "पुढच्या बुधवारी," मी म्हणायचे. हळूहळू तो खोलीत गप्प राहू लागला. जे बोलायचं ते फलाटावर, माझ्याशीच. मला या गोष्टीचा अभिमान वाटायचा... आज लाज वाटते.

नोव्हेंबरच्या एका रविवारी दुपारी मी अंगणात वाळत घातलेलं धान परतत होते. त्याचा मेसेज आला. 'थकलो. तू होतीस म्हणून एवढे दिवस निघाले. कोणाले सांगू नको.'

 मी फोन लावला. त्यानं उचलला.

"कुठं आहेस?"

"खोलीवर. सगळे जेवाले गेले." आवाज अगदी सपाट.

"एकटा आहेस?"

"हाव."

मी बोलत राहिले. काय बोलले, आठवत नाही. दुसऱ्या हातानं आईचा फोन ओढून रुची मॅडमना लावला, हॉस्टेलचं नाव सांगितलं.

"कोणाशी बोलून राहिली तू?"

"मॅडमशी."

 

"तुले म्हटलं होतं ना... तुझ्याशिवाय कोणाले मी..."

"म्हटलं होतंस. मी नाही ऐकणार."

फोन कटला. अर्ध्या तासानं मॅडमचा आवाज आला, "तो आमच्याजवळ आहे. दवाखान्यात नेतोय." मी धानावरच मटकन बसले.

पुढच्या बुधवारी मी स्टेशनचं सगळं ग्रुपला सांगितलं. गजेंद्र, जो एरवी फक्त झोप येत नाही एवढंच बोलायचा, उसळून म्हणाला, "मग आमी काय इथं खुर्च्या होतो? आमाले काऊन नाई सांगितलं त्यानं?"

 भुपेंद्रची खुर्ची रिकामी होती. तीन आठवडे त्यानं माझा एकही मेसेज उघडला नाही.

मग डिसेंबरात एका सकाळी त्याचा मेसेज आला. 'दहाची देवरी गाडी. गावाले चाललो.'

बसस्टँडवर थंडी होती. तो वाळला होता, दाढी वाढलेली. शेजारी त्याचे बाबा, पुनाराम, वनखात्याचे मजूर, अंगावर जुनी शाल.

"तूच का ते पोरगी?" त्यांनी विचारलं. "सांगणारी?"

"हो, काका."

त्यांनी मुलाच्या खांद्यावरची बॅग घेतली, त्याच्या तोंडाकडे चांगलं निरखून पाहिलं, आणि जागा धरायला गाडीत चढले.

"मी अजून रागावलो आहो," भुपेंद्र म्हणाला.

"माहीत आहे."

"लय रागावलो आहो."

"राग ठेव ना. केस पिकेपर्यंत ठेव. मी ऐकून घेईन... रोज ऐकीन."

त्यानं पहिल्यांदा नजर वर केली. "तू... हे प्रेमाचं बोलून राहिली का?"

"हाव."

 तो स्वेटरची बाही ओढत राहिला. "मले आत्ता हो म्हणता येत नाई. जे वाटते ते माझं का गोळ्यांचं, मलेच समजत नाई."

"मग नको म्हणू."

"जानेवारीत नवा ग्रुप भरन म्हणे. मी बसीन त्यात. सगळ्यांशी बोलीन." तो थांबला. "तू नको येऊ त्यात."

 "काऊन?"

"तू त्यात असशील तर नियमानं भेटता नाई येणार," तो म्हणाला, आणि मान डावीकडे किंचित कलली. "तू बाहेरच राह्य."

कंडक्टरनं घंटी मारली, तो चढला. खिडकीतून दिसलं, बाबांनी त्याचा हात धरून ठेवला होता, लहान मुलाचा धरावा तसा. गाडी वळली, धूळ उडाली, आणि मला हुंदका आवरेना.

बाकावरची म्हातारी पिशवी सरकवत म्हणाली, "कोण गेलं वो बाई?"

"गेला नाही, आजी," मी म्हणाले. "येणार आहे."

खात्री नव्हती. पण म्हटलं.