करकच्या तटावरचा पाहुणा

ए, मोबाईल ठेव तो खाली. ऐकायचं तर नीट ऐका, नाहीतर जा झोपायला.

हायिल माझा मावसभाऊ. थापा मारणाऱ्यातला नव्हे. गेल्या वर्षी जैतुनाची फळं उतरवून झाली, त्या गुरुवारची रात्र. चंद्र नव्हता. थोरल्या पोराच्या, नव्वाफच्या, लग्नाच्या जेवणासाठी मेंढ्या घेऊन दोघं बापलेक पिकअपमधून घरी निघाले होते. करकच्या किल्ल्याच्या जुन्या तटापाशी चाक पंक्चर. पोरगा जॅक लावायला बसला, बापानं तीन दगडांवर कॉफी चढवली.

तटावरून एक म्हातारा उतरला. दाढी अर्धी जळालेली. हायिलनं कोण-कुठला विचारलं नाही, पाहुण्याला कोण विचारतं? पेला भरून दिला. म्हाताऱ्यानं तो न पिता जमिनीवर ठेवला.

दात काय काढताय? पेला खाली ठेवला म्हणजे पाहुण्याचं काही मागणं आहे. यजमानानं आधी शब्द द्यायचा. पाहुणा प्यायला की शब्द पक्का. हायिल म्हणाला, "प्या काका, प्या. मागाल ते दिलं!"

"थोरला दे."

"...काय?"

"मी मवाबचा, या मुलखाचा पूर्वीचा राजा. इस्राएलनं वेढा घातला तेव्हा माझा थोरला याच तटावर देवाला जाळला. तेव्हा वेढा उठवून गेले होते ते. परत आलेत... बघ खाली."

हायिल हसणार, तेवढ्यात म्हाताऱ्यानं नव्वाफचे केस धरले. फरफटत तटावर. पोरगा किंचाळला, "बाबा!" सुरा गळ्यावर. रक्त. हायिलनं चाकाचा पाना म्हाताऱ्याच्या डोक्यात घातला... कवटी फुटली. पकड सुटेना. बापानं पातं मुठीत धरलं. दोन बोटं तुटून पडली. तरी सुटेना.

शब्द दिला होता ना...

मग धावला खाली. पाहुण्याचा पेला उचलला आणि स्वतःच घटकन पिऊन टाकला. पाहुणा पिणारच नाही, तर शब्द पक्का कसा होणार? पण पाहुण्यापुढचं ओढून घेतलं! आपल्यात याहून हलकं काम नाही. दुसरा कुणी असता तर मी थुंकलो असतो त्याच्या तोंडावर. पण पोटचं पोर होतं रे...

म्हाताऱ्यानं केस सोडले. "वाट बघतो," म्हणाला.

आणि... कुणी नाही.

नव्वाफ वाचला. गळ्याला टाके पडले, पण लग्न झालं. परवा त्याला मुलगा झाला, पहिलाच. घरी आणून न्हाऊ घातला... पाणी काळं. पुन्हा घातला. पुन्हा काळं. हायिलनं उरलेल्या बोटांनी घंगाळाचा तळ चाचपला.

राख.