हिरवी साडी पाहणारा

सकाळी साडेसातला नर्मदेकाठच्या भेडाघाटहून फोन आला. कठड्यापाशी बाईच्या चपला आणि पर्स पडली होती.

ओमती ठाण्याच्या उपनिरीक्षक पूर्णिमा गजभिये चहा तसाच ठेवून उठल्या. अमिता नावाची शिक्षिका काल दुपारपासून बेपत्ता होती. तक्रार तिच्या नवऱ्यानं, अनुपमनं दिली होती.

खाली नर्मदेत नावाडी शोध घेत होते. पर्समध्ये मोबाइल होता आणि तीन चिठ्ठ्या. टाइप केलेल्या, शुद्ध मराठीत. शेवटची अशी :

'मंगळवारी लॉजवर हिरव्या साडीत छान दिसत होतीस. नवऱ्याला सांगू?'

मोबाइलमध्ये दर मंगळवारी एकाच लॉजचा पत्ता आणि एकच नाव होतं. आल्हाद.

अनुपम आला. चिठ्ठ्या वाचून तो पायरीवरच बसला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"चिठ्ठ्या तुम्ही लिहिल्या?"

"मॅडम, मी हिंदी मीडियमचा. मराठी बोलतो, वाचतो कसंतरी. लिहिता नाही येत." मग कपाळ चोळत तो म्हणाला, "अन् हिरवी साडी काहून? अमिताकडे हिरवी साडीच नाही."

"इथं जवळ कोणी नातेवाईक?"

"शहपुऱ्याला तिची मावशी आहे. अनसूयामावशी."

पूर्णिमांनी तिथंच फोन लावला. "मी ओमती ठाण्यातून बोलते. अमिता तुमच्याकडे आली का?"

"नाही बाई. इथं कोणी नाही आलं." फोन कट.

लॉजचा मॅनेजर बंटी आधी टाळाटाळ करत होता. मग बोलला. "आती थीं, दीदी. सफेद कुर्ता, मुँह पे दुपट्टा. जाते वक़्त भी वही."

"हरी साड़ी?"

"कभी नहीं देखी."

"मराठी लिख लेते हो?"

"अपने बस की नहीं."

आल्हाद आर्किटेक्ट होता. मराठी मंडळाची गणेशोत्सवातली नाटकं तोच लिहायचा. ऑफिसमध्ये तो येरझारा घालत होता. बसा म्हटलं तरी बसेना.

"मलाही आल्या चिठ्ठ्या. फाडून टाकल्या मी."

"कोणी लिहिल्या असतील?"

"तिच्या नवऱ्यानं! आणखी कोण?"

"हिरवी साडी तुम्ही दिली होती?"

"हो. पण ती घरी कशी नेणार? खोलीत नेसायची. माझ्याच गाडीत असते साडी."

बोलून झाल्यावर तो एकदम थांबला. पूर्णिमा उठल्या होत्या.

"चला. शहपुऱ्याला जायचंय."

मावशीच्या मागच्या खोलीत अमिता भिंतीला टेकून बसली होती. जिवंत. तिला पाहताच आल्हाद पुढं झाला. पूर्णिमांनी हात आडवा धरला.

"भाचीची चौकशी करायला पोलिसांचा फोन येतो, आणि मावशी 'काय झालं' असं विचारतच नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हाच वाटलं, त्यांना ठाऊक आहे."

मग त्या आल्हादकडे वळल्या. "साडी अनुपमनं पाहिली नव्हती, बंटीनंही नाही. ती नेसली गेली बंद खोलीत, तुमच्या समोर. चिठ्ठ्या अमितांनी स्वतःच लिहिल्या असतील का, हाही विचार केला. पण स्वतः लिहिणारी बाई त्याच चिठ्ठ्या वाचून घर सोडून पळत नाही. काहून लिहिल्या?"

आल्हाद म्हणाला, "दोन वर्षं झाली होती. सगळं सवयीचं होऊन राहिलं होतं. पहिली चिठ्ठी आली, त्या मंगळवारी ती मला घट्ट धरून रडली. पहिल्या दिवसांसारखं वाटलं. म्हणून दुसरी..."

"पकडले जाण्याच्या भीतीनंही छाती धडधडते. ती धडधड तुम्हाला प्रेम वाटली. नशाच ती. दर वेळी थोडी जास्त लागते. फक्त तुमची भीती खोटी होती. यांची खरी."

अमिता हळू आवाजात म्हणाली, "काल मी कठड्यावर चढले होते, आल्हाद. उतरले, ती तशीच अनवाणी मावशीकडे आले."

धमकीच्या गुन्ह्यात हवालदार त्याला बाहेर घेऊन गेला.

"अनुपम आलाय?" तिनं विचारलं.

"अंगणात आहे. आत यावं की नाही, ठरवता नाही येऊन राहिलं त्याला."

"किती ठाऊक आहे?"

"चिठ्ठ्यांपुरतं. पुढचं विचारायला घाबरतो."

अमितानं डोळे पुसले. मावशी तिला धरायला गेली, तिनं मानेनंच नको म्हटलं.

"त्याला तुम्ही काही सांगू नका, मॅडम. पुढचं मी सांगते."

आणि ती अंगणात गेली.