सत्तर किलोंचा फरक

नंदिनी ठवरे दारातून आत आली ती बोलतच आली.

“ताई, बाराशे किलोचं लोखंड हरवते का हो कधी? माझं हरवलं!”

उन्मेषच्या हातातला पोह्यांचा चमचा तसाच राहिला. वरची तिखट तर्री अजून गरम होती, आणि अशा मुहूर्तावर येणाऱ्या अशिलांचा त्याला मनापासून राग येई. पण कुसुमताईंनी खुर्ची पुढे सरकवली होती. म्हणजे पोह्यांचं आता काही खरं नव्हतं.

कुसुमताई रामटेके रेल्वेच्या पार्सल ऑफिसात तीस वर्षं हरवलेल्या मालाच्या तक्रारी निस्तरून निवृत्त झाल्या होत्या. आता त्या हेच काम खाजगीत करत. उन्मेष त्यांचा भाचा. स्कूटर चालवणं, वहीत टिपणं घेणं आणि उशिरा समजणं ही त्याची कामं.

“सुरुवातीपासून सांग,” ताई म्हणाल्या.

नंदिनीचा हिंगणा रोडला फॅब्रिकेशनचा कारखाना होता, वडिलांच्या मागे तिने चालवलेला. मडगावच्या गौरांग कामत नावाच्या हॉटेलवाल्याने तिच्याकडून एक स्मोकर बनवून घेतला होता. मंद धुरावर बारा-बारा तास मांस शिजवणारी ही लांबलचक लोखंडी भट्टी, खाली चार चाकं. बुधवारी ती लाकडी पेटीत बंद झाली, गुरुवारी सकाळी ट्रकवर चढली, काल सोमवारी मडगावला पोचली. पेटी उघडली तर आत रेतीची पोती.

“येत्या रविवारी त्याच्या हॉटेलचं उद्घाटन आहे. तोवर भट्टी नाही पोचली तर पुढच्या चार भट्ट्यांची ऑर्डर गेलीच, अन् माझं नावही गेलं. पहिलंच मोठं काम होतं ताई माझं!” तिचे डोळे भरून आले. “मी तर त्या मुकुंदाची कंप्लेंट करते आज पोलिसात. पेटी त्यानंच बनवली.”

“कंप्लेंट संध्याकाळी कर. आधी कागद दाखव.”

नंदिनीने दोन कागद पुढे केले. ड्रॉइंगप्रमाणे भट्टी अकराशे ऐंशी किलो, पेटी शंभर, एकूण बाराशे ऐंशी. दुसरी होती धर्मकाट्याची चिठ्ठी. कारखान्यातून निघाल्यावर वाटेतच पेटीचं वजन झालं होतं. तेराशे पन्नास.

“हे पाहा! सत्तर किलो जास्त! त्या भैयाजी ट्रान्सपोर्टवाल्याशी अर्धा तास भांडली मी. हा माणूस काट्यावर उभा राहून वजन करते का काय!”

“ट्रान्सपोर्टवाले सगळे सारखेच,” उन्मेष कळकळीने म्हणाला. गेल्या दिवाळीत त्याचं कपाट वर्ध्याहून नागपूरला यायला अकरा दिवस लागले होते, आणि ती जखम अजून ओली होती.

कारखान्याच्या फाटकाशी शेजारच्या बांधकामाचा रेतीचा ढीग होता. वरच्या मजल्यावरून पाणी मारत होते, ते सगळं ढिगावर ठिबकत होतं. उन्मेषचा पाय त्या चिखलात गेला. पुढे आत शिरताना एका लोखंडी तुकड्यावर अंगठा आपटला तेव्हा मात्र त्याने मोठ्याने कोणाचा तरी उद्धार केला.

ताईंनी तो तुकडा उचलून पाहिला. करंगळीएवढा जाड पत्रा.

“हा कशाचा?”

“असेल कशाचा तरी,” नंदिनी म्हणाली. “भट्टीचा नाही. भट्टीले सगळा सहा मिलिमीटर. तिकडं भिंतीवर ड्रॉइंग आहे.”

कोपऱ्यात संत्र्याच्या लाकडाचे ओंडके रचले होते. नरखेडच्या बागांत छाटणी झाली की ही लाकडं येत. त्यांच्या धुराला चव चांगली म्हणून गौरांगने आग्रहच धरला होता.

देवाजी गजभिये तिथे स्टुलावर बसले होते. नंदिनीच्या वडिलांच्या काळापासूनचे वेल्डर. भट्टीचा एकूण एक जोड त्यांच्या हातचा.

“बुधवारी शेवटची चाचणी झाली,” ते म्हणाले. “भट्टी गरम होती, म्हणून मुकुंदानं तीन बाजू ठोकल्या अन् मागची बाजू मले लावाले सांगितली. मी लावली. भट्टी आतच होती, बाई. पुढं गाडीवर काय झालं, मले काय मालूम?”

“भट्टीचं वजन कोणी केलं होतं इथं?”

“काहून करायचं? ड्रॉइंगमध्ये लिहिलंच राहते.”

ताईंनी धर्मकाट्याची चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. देवाजींनी ती लांब धरली, जवळ आणली, पुन्हा लांब धरली, आणि उन्मेषकडे दिली. “तू वाच गा. चष्मा घरी राहिला.”

“घर लांब आहे का?” ताईंनी विचारलं.

“नाही बाप्पा. मागच्याच गल्लीत. पोरगी तेवढी दूर दिली. जावई प्रशिक कोराडीले राहते, तिथल्या विजेच्या कारखान्यात बॉयलर दुरुस्तीच्या ठेक्यावर आहे. हात चांगला आहे पोराचा.”

बाहेर आल्यावर उन्मेष देवाजींच्या लुनाला टेकून नंदिनीची वाट पाहू लागला. उठला तर काळ्या पॅन्टवर पांढुरकी राख. झटकली तर ती आणखीच पसरली. “मागच्या गल्लीत राहतात अन् गाडीवर एवढी राख! पुसत नाहीत का लोक?” तो करवादला. ताईंनी त्याच्या पॅन्टकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. त्याला ते अपमानास्पद वाटलं.

मुकुंद सुतार भेटला तो आधीच तापलेला होता.

“मी का रेती भरीन? मले भट्टीचं माप दिलं, वजन दिलं, अकराशे ऐंशी. तेवढ्या बोजाची पेटी मी बनवली. सहा वाजता घरी गेलो. नंदिनीबाई त्याआधीच कागद बनवाले गेल्या होत्या. अन् आता मले चोर म्हणून राहिल्या! दोन गिऱ्हाइकांनी काम काढून घेतलं माझं, काल एका दिवसात!”

भैयाजींचं गोदाम वाडीला. तिथे पोचेपर्यंत दीड वाजला, रस्त्यात दोनदा ट्रकांची कोंडी, आणि पोटात सकाळचे अर्धेच पोहे. भैयाजी फोनवर कोणाला तरी “बस, पहुँच ही रही है” असं सांगत होते. ज्या ट्रकबद्दल बोलणं चाललं होतं तो उन्मेषसमोर, चाक काढलेल्या अवस्थेत उभा होता.

“मीच भोगून राहिलो ताई!” फोन ठेवून भैयाजींनी कपाळावर हात मारला. “नंदिनीबाई म्हणतात वजन जास्त लावलं. अरे, काटा काय माझ्या सासऱ्याचा आहे? वरून त्यांच्या मशीनचं पाणी गळालं! कारखान्यात पेटी उचलतानाच हायड्रा क्रेनवाला म्हणे, खालून ठिबकून राहिली. पुढं ट्रकमध्ये दुसऱ्या पार्टीचे खोके भिजले. भरपाई कोण देईन?”

“धुऊन पाठवली असेल,” उन्मेष म्हणाला.

“अन् फोन! गुरुवारी कारखान्याच्या नंबरवरून दोनदा फोन, गाडी कधी निघते. म्हटलं, नेहमीसारखे चार-पाच दिवस, लोड तर भरू द्या. बरं म्हणून ठेवला. शुक्रवारी पुन्हा फोन. सांगितलं, गाडी काल संध्याकाळीच गेली, मडगावचा आधा लोड मिळाला. तर फोन आपटला माझ्यावर! उशीर झाला तरी शिव्या, लवकर गेली तरी शिव्या. माणसानं करावं काय?”

“आवाज कोणाचा होता?”

“या भोंग्यांत आवाज कोण ओळखते?”

ताईंनी तिथूनच नंदिनीला फोन केला. तिने फोन केले नव्हते. कारखान्याचा मोबाइल टेबलावर पडलेला असे, कोणीही उचलावा. ताई हसल्या.

“भैयाजी, चला आमच्यासोबत. अन् तुमची एक रिकामी गाडी घ्या.”

“आज गाडी? ताई, आज कशी—”

“चला म्हणते ना.”

चार वाजता सगळे कारखान्यात जमले. उन्मेष भुकेने आणि कुतूहलाने सारखाच कासावीस झाला होता.

“पहिला प्रश्न, अदलाबदल झाली कुठं?” ताईंनी सुरुवात केली. “वाटलं असतं, रस्त्यात किंवा गोदामात. कारण काट्यावर वजन पुरेपूर भरलं होतं. पण पेटी इथून उचलतानाच गळत होती. भट्टीत पाणी नव्हतं. चाचणीत तापलेल्या भट्टीवर धुण्याचं पाणीही टिकलं नसतं. ओली रेती मात्र गळते, अन् ती फाटकाशीच आहे. म्हणजे रेती इथंच भरली गेली. भैयाजी सुटले.”

भैयाजींनी आकाशाकडे पाहून हात जोडले.

“दुसरा प्रश्न, रेती इतकीच का भरली? पेटीसकट तेराशे पन्नास. ज्याला खोटी पेटी पाठवायची आहे तो कागदावरचं वजन जुळवेल, बाराशे ऐंशी. इथं सत्तर किलो जास्त. का?” ताईंनी तो जाड तुकडा टेबलावर ठेवला. “हा पत्रा दहा मिलिमीटरचा. उन्मेषच्या अंगठ्याला विचारा. भट्टीतल्या जळणाच्या कप्प्याला सहाऐवजी हा वापरला, तर तेवढ्या पत्र्याला साधारण सत्तर किलोच वाढतात. भट्टी खरोखर साडेबाराशे किलोची होती. रेती भरणाऱ्याने खरं वजन जुळवलं. मुकुंदाला कागदावरचं तेवढं माहीत. नंदिनी तर त्या सत्तर किलोंसाठी अर्धा तास भांडली. खरं वजन एकालाच ठाऊक असणार, ज्यानं पत्रा बदलला त्याला.”

देवाजींनी मान खाली घातली.

“काका?” नंदिनी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. “तुम्ही चोरी केली?”

“चोरी नाही,” ताई म्हणाल्या. “चोर ट्रान्सपोर्टला फोन करून गाडी निघाली का विचारत नाही. हा माणूस गाडी निघू नये म्हणून विचारत होता. चार-पाच दिवस पेटी गोदामात पडून राहील, तोवर भट्टी परत आणून आत ठेवू, असा हिशेब. भैयाजींची गाडी त्याच दिवशी सुटेल, असं नागपुरात कोणाच्या स्वप्नात तरी येईल का?”

उन्मेषला आपलं कपाट आठवलं. नाही, आलं नसतं.

“भट्टी कोराडीला आहे, जावयाकडे. मागच्या गल्लीत राहणाऱ्याच्या लुनावर विजेच्या कारखान्याची राख आपोआप बसत नाही. उन्मेषच्या पॅन्टवर अजून आहे. पण नेली कशासाठी, ते तुम्हीच सांगा, देवाजी.”

देवाजींनी टेबलावरचा तो तुकडा उचलून अंगठ्याने चाचपला.

“संत्र्याचं लाकूड लई तापते, पोरी,” देवाजी नंदिनीकडे न बघता म्हणाले. “सहाचा पत्रा दोन वर्षांत वाकला असता. तुले न विचारता मी दहाचा लावला. वजन करून मनात ठेवलं. पण जाड पत्र्यात माझा जोड आत उतरला नाही. बुधवारी चाचणीत तडा गेला, धूर निघाले लागला. मले तो तडा दिसला नाही, फक्त धुराचा वास आला. डोळ्यांत जाळं आलं आहे, वर्ष झालं. तुले सांगितलं असतं तर... मी काय कामाचा मग?”

“म्हणून रेती?”

“तू म्हटलं होतंस, गुरुवारी माल उचलला नाही तर ऑर्डर जाईन. प्रशिकनं ट्रॅक्टर आणला. भट्टी चाकांवर होती, ओढून नेली. पोती त्यानंच भरली. गाडी गेली समजलं, अन् तोंडून शब्दच निघाला नाही. मुकुंदाचं नाव आलं तरी नाही निघाला. ते चुकलं. लई चुकलं.”

मुकुंदाने तोंड फिरवलं.

“कागदावरचं वजन भरलं असतं तर कोणाला कळलं नसतं,” उन्मेष न राहवून म्हणाला. “सत्तर किलो जास्त कशाला भरलं, काका?”

देवाजी गोंधळले. “भट्टीचं वजन तेवढंच होतं ना गा.”

नंदिनी हसली की रडली, ते उन्मेषला कळलं नाही. ती आधी मुकुंदाकडे गेली. “माफ कर गा. तुझ्या दोन्ही गिऱ्हाइकांले मी स्वतः जाऊन सांगीन.” मग भिंतीवरचं ड्रॉइंग काढून तिने सहाचा आकडा खोडला, दहा लिहिला आणि पेन देवाजींच्या हातात ठेवलं. “इथं सही करा. बदल तुमचा आहे. अन् परत आले की पहिले डोळ्यांचं ऑपरेशन. मले वेल्डर पाहिजे, अन् त्याले दिसलं पाहिजे.”

“परत आले की म्हणजे? मी कुठं चाललो?”

“मडगावले. भट्टीसोबत.”

सगळ्यांच्या माना भैयाजींकडे वळल्या. ते दोन पावलं मागे सरले.

“ताई, कोराडीहून उचला, लोड भरा... चार-पाच दिवस तर—”

“भैयाजी,” कुसुमताई म्हणाल्या, “गाडी त्याच दिवशी निघू शकते, हे अख्ख्या नागपुरात फक्त तुम्हीच सिद्ध करून दाखवलं आहे.”

सहा वाजता कोराडीत, राखेने माखलेल्या एका शेडपुढे, हायड्रा क्रेन येऊन उभी राहिली. प्रशिकने जोड पुन्हा खोल भरला होता. आत संत्र्याच्या लाकडाच्या मूठभर ढलप्या पेटवून बघितल्या, तर धूर फक्त धुराड्यातून निघाला. मुकुंदाने सोबत आणलेल्या फळ्यांची नवी पेटी जोडून तिच्या चारही बाजू स्वतःच्या हाताने ठोकल्या, आणि क्रेनने ती ट्रकवर चढवली. देवाजी डबा घेऊन चालकाशेजारी चढले.

नंदिनीचा फोन वाजला. मडगावहून गौरांगच होता, आणि त्याचा वैताग लांबूनही ऐकू येत होता. “निघाली का एकदाची?”

ट्रक हलला. खिडकीतून देवाजींनी हात केला, नेमका कोणाच्या दिशेने ते त्यांनाही दिसलं नसावं. नंदिनीनेही हात वर केला.

“निघाली,” ती म्हणाली. “ह्यावेळी बनवणारा सोबत आहे.”