दुपारची तांत

नूरीनला घेऊन शमशाद मिरजेहून जतला परतली, ती लेकीच्या मनगटावर एक काळी पट्टी बांधूनच. दिसायला घड्याळासारखी, पण वेळ दाखवायची नाही. नाडी, अंगाची ऊब, झोप, हालचाल तेवढी टिपायची. नूरीनला लहानपणापासून फिट यायची. "प्रत्येकाच्या शरीरात एक घड्याळ चालतं," डॉक्टर अंकिता म्हणाल्या होत्या. "हिची फिट त्यातल्या कुठल्या घडीला येते, ते कळू दे."

ती घडी शमशादला ठाऊक होती. पण डॉक्टरांपुढं सांगायची कशी?

दुपार कलायला लागली, गल्ली निपचित पडली, पत्र्याची धग घरात उतरली, की एखाद्या दिवशी भिंतीवरची पिंजण वाजायची. त्या पिंजणीवर तिचे सासरे पीरमहंमद गाद्यांचा कापूस पिंजायचे. ते वारले, फोमच्या गाद्या आल्या आणि पिंजण खुंटीवरच राहिली. वारा नाही, कुणाचा हात नाही... तरी तिची तांत, धनुकलीला ताणलेली ती दोरी, घुमायची. टंग्... टंग्... सरकीचा कोंदट वास सुटायचा आणि नूरीन कोसळायची. शमशादनं एकदा पिंजण परसात नेऊन ठेवली, तर आवाज परसातून आला.

एका दुपारी पोर चुलीवरच पडली. हात भाजला. तेव्हापासून शमशादनं तिला एकटीला उंबऱ्याबाहेर सोडलं नव्हतं.

"अम्मी, नर्सिंगची परीक्षा द्यायचीय. सांगलीला. पेपर दुपारचा आहे."

"दुपारचा नगं, पोरी... दुपार आपली न्हाई."

पट्टी बांधून दोन-अडीच महिने झाले, तेव्हा अंकितांनी दोघींना पडद्यावरच्या चढत्या-उतरत्या रेषा दाखवल्या. झोपमोड झाली, की दुसऱ्या दुपारी फिट. त्याआधी नाडी पळायला लागायची आणि तेव्हा सकाळच्या गोळीचा जोर ओसरलेला असायचा.

शमशादला राहवलं नाही. "मॅडम, तवाच तांत वाजती."

ती घाबरत घाबरत सगळं बोलली. अंकिता हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वाजू दे. गोळी तिच्याआधी पोचली पाहिजे."

मोठ्या डॉक्टरांशी बोलून त्यांनी गोळ्यांच्या वेळा बदलल्या. झोपेची शिस्त लावून दिली. एकेक दुपार सुनी जाऊ लागली. शमशाद कान देऊन बसायची. काहीच नाही...

आणि एक दिवस वास सुटला.

टंग्...

"नूरीन! आडवी हो!" शमशादनं उशी ओढली.

नूरीन कपडे घड्या घालत होती. ती उभीच राहिली. टंग्... टंग्... आवाज वाढत गेला, पत्रा थरथरायला लागला. पोरीचा चेहरा घामानं डबडबला, पण डोळे फिरले नाहीत, दातखिळी बसली नाही. ती सावकाश भिंतीपाशी गेली आणि थरथरती तांत तिनं मुठीत धरली.

"दादाजान," ती हळूच म्हणाली, "बास आता."

आवाज तुटला. शमशादला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता. मग नूरीन हसायला लागली आणि शमशाद रडायला.

परीक्षेला नूरीन एकटी गेली. एसटीच्या खिडकीतून तिनं हात हलवला आणि शमशाद घरी न जाता स्टँडवरच बसून राहिली. दिवेलागणीला ती परत आली, एसटीतून उतरतानाच ओरडत, "अम्मी, सगळा पेपर लिहिला! दुपारभर लिहीत होते!" शमशादनं गल्लीभर शिरखुर्मा वाटला. ईद नव्हती, तरी वाटला.

शेजारच्या अंबूबाई वाटी परत द्यायला आल्या. "लेकीनं नाव काढलं गं," म्हणाल्या, "आन् दुपारी तुझ्या घरातनं बाहेर पडला, तो म्हातारा कोण? टोपीवर कापसाचे पुंजके बसलेले."

शमशादच्या हातातली वाटी थांबली. दुपारभर घराला कुलूप होतं. ती स्टँडवर पोरीची वाट बघत बसली होती.

"काय... काय म्हनला?"

"काय न्हाई. हितलं काम झालं म्हनला. आन् इचारलं... आवं, ह्या गल्लीत आजून कुणाच्या पोरीला फिट येती?"